लाकडाच्या मशीनला तेल कुठे, ग्रीस कुठे आणि मेण कुठे: घरच्या वर्कशॉपची सफाई, बेळगाव-खानापूरच्या हवेत

रंधा मशीन जड चालायला लागलं की आपल्याकडे पहिला हात तेलाच्या डब्याकडे जातो. स्क्रूवर चार थेंब, खाचेत दोन थेंब, टेबलावरून एक तेलकट फडकं. दोन दिवस मशीन मऊ चालतं. आठवड्याभराने पुन्हा जड होतं आणि तोवर आत भुशाचा काळा चिखल झालेला असतो.

यात आपल्या गावाचाही थोडा हात आहे. बेळगाव हे फाउंड्रीचं आणि मशीनशॉपचं शहर. घरटी नाही तरी गल्लीत एखादा तरी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, काम करणारा असतोच, आणि मशीनची देखभाल म्हणजे भरपूर तेल ही समजूत तिथूनच घरी येते. लोखंडाच्या लेथवर ती बरोबर आहे. तिथे बेडवर तेलाचा थर लागतोच आणि लोखंडाचा कीस तेल पिऊन फुगत नाही. लाकडाचा भुसा पितो. तेल प्यालेला भुसा गिअरच्या दातांत, स्क्रूच्या आट्यांत आणि साखळीच्या कड्यांत बसतो, दाबला जाऊन घट्ट होतो आणि पॉलिश पेपरसारखा झीज करत राहतो. म्हणून लाकडाच्या मशीनचा पहिला नियम: जिथे भुसा उडतो तिथे ओलं तेल नको. तिथे मेण किंवा कोरडं वंगण. तेल आणि ग्रीस फक्त तिथे, जिथे भुसा पोचत नाही किंवा जिथे त्यांच्यावाचून चालतच नाही.

आधी आपली हवा समजून घ्या

एकाच जिल्ह्यात दोन टोकं आहेत. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की रात्री पुसून ठेवलेलं बिडाचं टेबल सकाळी हाताला ओलं लागतं. थंड लोखंडावर दमट हवा आली की पाणी धरणारच. अथणी, रायबाग, गोकाककडे पाऊस कमी, पण काळ्या मातीची बारीक धूळ वर्षभर, आणि साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांत गळीत हंगामात पडणारी काजळी वेगळीच. खानापूरवाल्याचा शत्रू गंज, अथणीवाल्याचा शत्रू धूळ. बेळगाव शहर आणि निपाणीला दोन्ही थोडं थोडं.

लाकूडही बघा. सागवानात नैसर्गिक तेल असतं आणि सिलिकाही असते, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं आणि त्यावर तपकिरी थर चढतो. कारखान्यांतून येणाऱ्या पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या स्वस्त पडतात, पण त्यांची राळ पात्याला गोंदासारखी चिकटते. बाभूळ, खैर, ऐन यांत टॅनिन (लोखंडाला काळं करणारा तुरट घटक) जास्त. यांचा ओला भुसा बिडाच्या टेबलावर रात्रभर राहिला तर सकाळी निळसर-काळा डाग आणि त्याखाली गंज, हे ठरलेलं.

सामान काय लागेल

फार काही नाही. रंगाचा जुना दोन इंची ब्रश, जुने टूथब्रश, एक पितळी तारेचा ब्रश, सुती फडकी आणि व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. राळ आणि जुनं ग्रीस काढायला टर्पेंटाइन. रॉकेलही चालतं, पण आता ते सहज मिळत नाही. गंजासाठी हिरवा स्कॉचब्राइट आणि ३२० व ४०० नंबरचा एमरी पेपर.

वंगणात चार गोष्टी ठेवा. शिलाई मशीनचं पातळ तेल. ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल, जे आपल्याकडे कुठल्याही ऑइलच्या दुकानात सुटं मिळतं. लिथियम बेसचं मल्टिपर्पज ग्रीस. आणि मेण.

मेण घरी करता येतं. मधमाश्यांचं मेण किंवा साधं पॅराफिन एक भाग, टर्पेंटाइन तीन ते चार भाग. मेण किसून डब्यात घाला, तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे पाणी उकळत ठेवायची गरज नाही. पातेलं शेगडीवरून उतरवून, घराबाहेर नेऊन मगच टर्पेंटाइन ओता. पेटत्या गॅसजवळ टर्पेंटाइनचं झाकणसुद्धा उघडू नका. गार झालं की लोण्यासारखं मऊ मेण तयार.

आता काय वापरू नये ते. करडईचं तेल उत्तर कर्नाटकात घराघरात असतं, पण ते हवेत सुकून चिकट होणारं तेल आहे. मशीनवर लावलं तर महिन्याभरात वार्निशसारखा थर होतो. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे डिसेंबरातल्या बेळगावी पहाटे तुमचा स्क्रू मेणबत्तीत अडकल्यासारखा फिरेल. गाडीतून काढलेलं जळकं इंजिन ऑइल तर लांबच ठेवा. त्यात काजळी असते, आम्ल असतं, लाकडाला डाग पडतो आणि कातडीलाही ते वाईट. सिलिकॉन स्प्रे टेबलावर मारू नका. सिलिकॉन लाकडाला लागलं की पुढे मेलामाइन किंवा पीयू पॉलिश त्या जागी धरत नाही, गोल गोल डोळे पडतात. गाडीच्या पॉलिशमध्येही बहुधा सिलिकॉन असतं, तेव्हा तेही नको.

आणि डब्ल्यूडी-४०. अमेरिकेत १९५३ साली ते तयार झालं ते पाणी हटवण्यासाठी. नावातला ४० म्हणजे चाळीसाव्या प्रयत्नाचं सूत्र. अडकलेला नट सोडवायला आणि ओलं लोखंड कोरडं करायला ते उत्तम आहे. बेअरिंगचं किंवा गिअरचं कायमचं वंगण म्हणून नाही. उलट बेअरिंगमध्ये मारलं तर आतलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतं.

पायरी १: वीज तोडा, मग हात घाला

स्विच बंद करणं पुरेसं नाही. प्लग उपसून नजरेसमोर ठेवा. लाइट गेलेली असताना सफाई करायची आणि प्लग तसाच, हा तर सरळ अपघाताला निमंत्रण देण्याचा प्रकार. वीज कधी येईल ते आपल्या हातात नसतं. सिंगल फेज मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही चार्ज राहू शकतो, त्यामुळे कपॅसिटरचं झाकण उघडणार असाल तर ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. रंध्याच्या कटरवर काम करताना लाकडाची पाचर मारून कटर ब्लॉक (पाती बसवलेला फिरता दांडा) अडवा. हातमोजे घाला, पण फक्त मशीन बंद असताना. चालत्या मशीनवर हातमोजा नको.

नाकाला मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात नोंदवलं आहे. सफाईच्या वेळी कापण्याच्या वेळेपेक्षा बारीक धूळ उडते.

पायरी २: कोरडी सफाई

वरून खाली या. आधी मोटरवरचा आणि गार्डवरचा भुसा, मग टेबल, मग टेबलाखालचं पोट. ब्रशने सोडवा, व्हॅक्यूमने ओढा. कंप्रेसरची हवा मारायचा मोह होतो, कारण दोन मिनिटांत सगळं चकाचक दिसतं. पण त्या दाबाने बारीक धूळ बेअरिंगच्या सीलमधून आत जाते, स्विचमध्ये जाते आणि उरलेली तुमच्या छातीत. हवा मारायचीच तर दाब कमी ठेवा, मशीन दाराबाहेर काढा आणि नळी बेअरिंगच्या दिशेने धरू नका.

मोटरकडे नीट लक्ष द्या. पंख्याच्या जाळीवर भुशाची गादी बसली की मोटर तापते. आपल्याकडे घरगुती मशीनला बहुधा एक किंवा दोन एचपीची कपॅसिटर स्टार्ट मोटर असते. तिच्या आत सेंट्रिफ्यूगल स्विच (मोटरने वेग घेतला की आपोआप सुटणारा) असतो, आणि त्याच्या पॉइंटमध्ये धूळ गेली की मोटर नुसती घूं करते, फिरत नाही. लोक कपॅसिटर बदलतात, मोटर रिवाइंड करायला टाकतात. अनेकदा दोष तेवढ्या धुळीचाच असतो. मोटर अशी घुमायला लागली तर लगेच बंद करा. कॉइल जळायला फार वेळ लागत नाही.

पायरी ३: राळ आणि चिकटा काढणं

गोल पातं काढून उथळ थाळीत ठेवा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा आणि भांड्याचं लिक्विड घालून पंधरा-वीस मिनिटं भिजवा, टूथब्रशने दातांच्या पाठीमागून घासा, धुवा आणि लगेच कोरडं पुसा. लगेच म्हणजे लगेच, पावसाळ्यात तासाभरातही तपकिरी ठिपके येतात. मग पातळ तेलाचा हात फिरवा आणि पुन्हा वापरण्याआधी तो पुसून टाका. कॉस्टिक सोड्याचं क्लीनर वापरू नका, ते ॲल्युमिनियमला खातं आणि कार्बाइडच्या टोकांनाही चांगलं नाही.

बरेच जण पातं बोथट झालं म्हणून धार लावायला पाठवतात. आधी असं धुऊन बघा. निम्म्या वेळा पातं बोथट नसतंच, राळेने जाड झालेलं असतं आणि म्हणून लाकूड जाळत असतं.

थिकनेसरचे, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनचे, रोलर बघा. रबरी रोलर साबणाच्या पाण्याच्या ओलसर फडक्यानेच पुसा, टर्पेंटाइनने रबर फुगतं. खाचांचा लोखंडी रोलर असेल तर पितळी ब्रश आणि टर्पेंटाइन. बँडसॉच्या (पट्ट्यासारखं पातं असलेल्या करवतीच्या) चाकावरच्या रबरी पट्टीवर भुसा दाबून बसतो आणि पातं उड्या मारतं. तो लाकडी चपटीने खरवडा, लोखंडी पटाशीने नको.

पायरी ४: गंज

बिडाच्या टेबलावरचा वरवरचा गंज घरीच जातो. टर्पेंटाइन किंवा डिझेल पसरून दहा मिनिटं थांबा. सपाट लाकडी ठोकळ्यावर स्कॉचब्राइट धरून टेबलाच्या लांबीच्या दिशेने घासा. जास्त असेल तर ३२० आणि मग ४०० नंबर. पुसा, पुन्हा टर्पेंटाइनने पुसा, कोरडं होऊ द्या. काळसर सावली राहिली तर राहू द्या. ती हाताला लागत नसेल तर कामात काही अडवत नाही, आणि ती घालवायच्या नादात टेबल खड्ड्यात जातं. ग्राइंडरला तारेचा कप लावून टेबल घासणं तर नकोच. कप जिथे जास्त थांबतो तिथे खळगा पडतो, आणि रंध्याच्या टेबलात खळगा म्हणजे पुढे प्रत्येक फळीत बाक. तेवढा खोल गंज असेल तर टेबल काढून सरफेस ग्राइंडिंगला द्या. त्या कामासाठी बेळगावसारखी जागा शोधून सापडणार नाही.

नट, बोल्ट, छोटे भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी घासा, सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा, सुकवा, तेल लावा. बेअरिंग असलेला भाग मात्र व्हिनेगरमध्ये घालायचा नाही.

पायरी ५: वंगण, जागेप्रमाणे

टेबल, फेन्स (फळी टेकवायची सरळ आडपट्टी), रंध्याची दोन्ही टेबलं, लाकडाच्या लेथचा बेड: मेण. पातळ थर, दहा मिनिटं वाळू द्या, कोरड्या फडक्याने चमक येईपर्यंत घासा. पावसाळ्याच्या तोंडावर दोन थर. लाकूड लोण्यासारखं सरकतं आणि ढकलायला जोर कमी लागतो. जोर कमी लागला की हात घसरून पात्याकडे जाण्याची भीतीही कमी.

टेबल सॉच्या पोटातले पातं वर-खाली आणि तिरपं करणारे गिअर, थिकनेसरचे उभे स्क्रू: आधी टर्पेंटाइन आणि टूथब्रशने जुनं ग्रीस पूर्ण काढा, अगदी धातू दिसेपर्यंत. मग तेच मेण ब्रशने आट्यांत भरून चाक पूर्ण वर-खाली तीन-चार वेळा फिरवा. ग्रॅफाइट पूडही चालते, पण ती लाकडाला काळं करते, म्हणून टेबलाजवळ नको. थिकनेसरच्या साखळीला पातळ तेलाचे थेंब, फिरवून, बाहेरचं तेल पुसून कोरडं. कड्यांच्या आत गेलं तेवढंच कामाचं.

बेअरिंगच्या बाबतीत गोंधळ जास्त, म्हणून थोडं थांबून.

आपल्याकडे जे रंधा आणि कटर एकत्र असलेलं मशीन मिळतं, त्यात दोन प्रकार असतात. पहिला, कटर ब्लॉकला बंद बेअरिंग. नंबर ६२०४, ६२०५ असे आणि शेवटी झेडझेड किंवा टूआरएस. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणी, टूआरएस म्हणजे रबरी सील. यांत कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं आणि त्यांना बाहेरून काहीच लावायचं नाही. वरून तेल सोडलं तर आतलं ग्रीस धुतलं जातं. आवाज करायला लागलं की बदलायचं, संपलं. दुसरा प्रकार, शाफ्टला बाहेरून पिलो ब्लॉक (बोल्टने बसवलेलं बेअरिंगचं घर) आणि त्याला ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस गन लावायचं तोंड. इथे ग्रीस लागतं. निपल आधी पुसा, नाहीतर त्यावरची धूळच गनने आत ढकलाल. शाफ्ट हाताने फिरवत एक-दोन दाब द्या. कडेने जरासं ग्रीस दिसलं की थांबा. जास्त भरलं तर ग्रीस आतल्या आत घुसळलं जाऊन बेअरिंग तापतं. रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांनी, नुसत्या रविवारच्या कामाला वर्षातून दोनदा. आधीचं ग्रीस कुठलं होतं ते माहीत नसेल तर सगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळत नाहीत हे लक्षात ठेवा. जुनं काढून नवं भरणं बरं.

जुन्या मशीनला गनमेटलचे बुश (बेअरिंगऐवजी बसवलेल्या धातूच्या नळ्या) असतील आणि वर तेलाचं भोक किंवा कप असेल तर तिथे ६८ नंबरचं तेल, कामाला बसण्याआधी दोन-तीन थेंब. हेच एक ठिकाण जिथे रोज तेल लागतं, आणि नेमकं हेच भोक बहुतेक मशीनमध्ये भुशाने बुजलेलं सापडतं. तारेने मोकळं करा.

ड्रिल मशीनच्या क्विलला (वर-खाली होणाऱ्या नळीला) आणि खांबाला पातळ तेल पुसून घेतलेलं. पण चकचा आणि लेथच्या सेंटरचा उतरता टोकदार भाग, ज्याला मोर्स टेपर म्हणतात, तो आत-बाहेर पूर्ण कोरडा हवा. तो घर्षणावरच धरतो, तेल लावलं तर फिरता चक सुटून हातात यायचा.

पट्ट्याला काहीही लावायचं नाही. ना तेल, ना राळ, ना मेण. तेल लागलं असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून वाळवा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर दर १०० मिलिमीटर अंतराला साधारण दीड मिलिमीटर दबला पाहिजे. म्हणजे केंद्रं ४०० मिलिमीटरवर असतील तर सहा मिलिमीटर. त्याहून घट्ट केला तर पट्टा टिकतो पण बेअरिंग जातं.

पायरी ६: हाताने फिरवून, मग वीज देऊन

प्लग लावण्याआधी कटर पूर्ण दोन-तीन फेरे हाताने फिरवा. कुठे घासतंय का, पाचर काढली का, पाना टेबलावर राहिला का. मग सुरू करून एका बाजूला उभे राहा, पात्याच्या रेषेत नको. दहा मिनिटांनी बंद करा, प्लग काढा, बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर ग्रीस जास्त झालंय, पट्टा घट्ट आहे किंवा बेअरिंग गेलंय, याच क्रमाने शोधा.

बेअरिंग बदलायची वेळ आली तर जुन्यावरचा नंबर वाचा. पुसला गेला असेल तर माप घ्या: २० मिलिमीटर भोक, ४७ बाहेरचा व्यास, १४ रुंदी म्हणजे ६२०४. २५, ५२, १५ म्हणजे ६२०५. १७, ४०, १२ म्हणजे ६२०३. लाकडाच्या मशीनसाठी रबरी सीलचंच मागा. बसवताना हातोडा बाहेरच्या रिंगवर मारून शाफ्टवर चढवू नका, आतल्या रिंगच्या मापाचा पाइप धरून ठोका.

वर्षाचं वेळापत्रक

रोज काम संपल्यावर टेबलावरचा भुसा झाडायचा, एवढंच. ओली फळी किंवा चहाचा कप टेबलावर ठेवून जायचं नाही.

मोठी सफाई वळवाचे पाऊस सुरू असताना, मेच्या शेवटी. मृगाच्या आत सगळी उघडी लोखंडी पृष्ठं मेणाखाली गेली पाहिजेत. पावसाळ्यात दर आठवड्याला मेणाचा हलका हात, खानापूर-जांबोटीकडे दोनदा. मशीनवर प्लॅस्टिक गुंडाळू नका. आत दमट हवा कोंडते आणि पाणी धरतं. जुनी सुती चादर बरी. पाती, पटाश्या, ड्रिल बिट ठेवायला व्हीसीआय (गंजरोधक) कागद मिळाला तर बघा. निर्यातीचे लोखंडी भाग गुंडाळायला कारखान्यांत तो वापरतात, आणि बंद डब्यात तो महिनोन्‌महिने गंज रोखतो.

दुसरी मोठी सफाई दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायचीच, ती जरूर करा, पण हळदीकुंकू रंगवलेल्या बॉडीवर लावा, घासलेल्या टेबलावर नको. ओलं कुंकू, नारळाचं पाणी आणि कापलेलं लिंबू हे तिन्ही बिडाला गंज आणतात. लिंबाचा रस तर सरळ आम्ल आहे, त्याचा गोल डाग वर्षभर जात नाही. टेबलावर फुलं वाहायची तर खाली कागद घाला, कोहळा दाराबाहेर फोडा. दुसऱ्या दिवशी झेंडू गोळा केला की टेबल कोरड्या फडक्याने पुसा आणि लगेच मेण लावा. सोनं वाटायला संध्याकाळी जायचं असतं, सकाळ मोकळीच असते.

टर्पेंटाइनची आणि तेलाची फडकी गोळा करून भुशाच्या पोत्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी असतील तर ती आपोआपही पेटतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवा, किंवा बाहेर दोरीवर एकेक पसरून पूर्ण वाळवा आणि मगच कचऱ्यात द्या.